पट्टी सगळ्यात शेवटी: इंदूरजवळ मॉडेल विमानांचं मैदान उभं करताना

सोयाबीन निघालं की मला फोन सुरू होतात. "काका, जमीन मिळाली. रविवारी रोलर येतोय. पट्टी किती लांब ठेवू?" मी विचारतो, संध्याकाळी सूर्य कुठे असतो? विजेची लाइन किती लांब आहे? एअरपोर्टची हद्द किती किलोमीटरवर? पलीकडे शांतता. मग हळूच, "लाइन आहे एक, पण बाजूला आहे."

विमानं बाजूच्या लाइनवरच अडकतात. डोक्यावरून लाइन जाते तिथे कुणी मैदान करतच नाही.

आमच्या पहिल्या मैदानावर आम्हीही हेच केलं होतं. बांधाला समांतर, दिसायला देखणी अशी उत्तर-दक्षिण पट्टी आखली, रोलर फिरवला, फोटो काढले. सावली हवी म्हणून उभं राहायची जागा पूर्वेच्या कडुलिंबाखाली ठेवली, म्हणजे तोंड पश्चिमेला. दुसऱ्याच संध्याकाळी एक नवंकोरं विमान मावळत्या सूर्यात शिरलं आणि पुन्हा दिसलं ते हरभऱ्यात, तुकड्यांत. वारा कायम आडवा यायचा तो वेगळाच. शेवटी पट्टी दुसऱ्यांदा केली आणि रोलरचं भाडंही दुसऱ्यांदा दिलं.

म्हणून हा क्रम. यात पट्टी पाचव्या टप्प्यावर आहे. आधीच्या चार टप्प्यांना जमिनीचं भाडं आणि पेट्रोल सोडलं तर फारसा खर्च नाही, आणि लोक वगळतात ते नेमके हेच. मापं दिली आहेत ती १.४ ते १.६ मीटर पंखांच्या ट्रेनर, म्हणजे शिकायच्या विमानासाठी. बहुतेक क्लब तिथूनच सुरुवात करतात.

## टप्पा १: आधी आकाश, मग जमीन

"आपलं साधं थर्माकोलचं विमान, ते काय ड्रोन आहे?" हे वाक्य विसरा. ड्रोन नियम, २०२१ मध्ये फक्त चार पंख्यांची यंत्रं येत नाहीत. रिमोटवर उडणारं पंखांचं मॉडेलही त्यातच येतं. छंद, शिक्षण किंवा चाचणीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं आणि २५ किलोपर्यंत वजनाचं असेल तर त्याला 'मॉडेल' म्हणून टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीच्या यंत्राचं सरकारी प्रमाणपत्र, लागत नाही. पण आकाशाचे रंग त्यालाही लागू होतात.

डिजिटल स्काय हा ड्रोनसाठीचा सरकारी ऑनलाइन नकाशा उघडा आणि जागेवर बोट ठेवा. ढोबळ हिशोब असा: एअरपोर्टच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा, म्हणजे परवानगीशिवाय उडवायचंच नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत हिरवा, त्यावर पिवळा. त्यापलीकडे, दुसरी काही बंदी नसेल तर, १२० मीटरपर्यंत हिरवा. लाल म्हणजे नाव काढायचं नाही.

इंदूरचा एअरपोर्ट शहराच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे गांधीनगर आणि हातोदच्या बाजूच्या स्वस्त जमिनींचा मोह सोडा. नैऋत्येला महूची लष्करी छावणी आहे, त्या दिशेला नकाशा दोनदा बघा. आम्ही खुडैल-कंपेलच्या अंगाला वळलो ते याच कारणाने. घरापासून लांब पडतं, पण झोप नीट लागते.

नेहमीची चूक: अंतर टर्मिनलपासून मोजणं. ते एअरपोर्टच्या हद्दीपासून मोजायचं असतं, आणि धावपट्टीचं टोक टर्मिनलपासून बरंच लांब असतं. गाडीच्या मीटरवरचं अंतरही धरू नका, सरळ रेषेतलं धरा.

इशारा: नकाशा एकदा बघून भागत नाही. मोठ्या नेत्याचा दौरा किंवा बंदोबस्त असला की ९६ तासांपर्यंतचा तात्पुरता लाल पट्टा जाहीर करता येतो. उडवायच्या दिवशी सकाळी घरातून निघण्याआधी नकाशा बघायचा. आमच्याकडे जो पहिला उठतो तो बघतो आणि ग्रुपवर रंग टाकतो. रंग आला नाही तर कुणी गाडी काढत नाही.

१२० मीटर म्हणजे किती, हे डोळ्याला शिकवावं लागतं. दीड मीटर पंखांचं विमान १२० मीटरवर असताना हात लांब करून करंगळी समोर धरली, तर विमान करंगळीच्या नखाहून लहान दिसतं. विमान इतकं लहान दिसायला लागलं की खाली या.

## टप्पा २: जमीन आणि लिखापढी

काळ्या शेताच्या मागे लागू नका. शेतकऱ्याला ते सोन्यासारखं असतं आणि आपल्याला ते डोकेदुखी. गावाच्या कडेचा बरड, मुरमाड तुकडा शोधा. पटेलांना, म्हणजे गावच्या पाटलांना, विचारलं तर ते हसून दाखवतात, "ये तो बंजड़ है." त्यांच्यासाठी बंजर, आपल्यासाठी अर्धी तयार पट्टी.

क्लबच्या ताब्यात किती जागा हवी? १२० मीटर लांब आणि ५५ मीटर खोल, म्हणजे दीड-पावणेदोन एकर. पण विमान उडतं ते त्याच्या पलीकडे. पट्टीच्या दोन्ही टोकांना ३०० मीटर आणि समोर २५० मीटर अशी मोकळी शेतं हवीत, ज्यात घर, रस्ता, गोठा, शाळेची वाट नाही. ही शेतं भाड्याने घ्यायची नसतात, पण त्यांच्या मालकांना भेटायचं असतं. हे आधी केलं नाही तर पहिलं विमान त्यांच्या कांद्यात पडतं तेव्हा भेट होते, आणि ती भेट वेगळी असते.

कागद असे:

जमिनीचा खसरा, बी-१ (दोन्ही सातबाऱ्यासारखे जमिनीच्या नोंदीचे कागद) आणि नक्शा काढून पटवारीकडून, म्हणजे तलाठ्याकडून, खात्री करा. तीन भावांची सामाईक जमीन एक भाऊ भाड्याने देऊन टाकतो, हे मालव्यात नवीन नाही.

अकरा महिन्यांचा करार स्टँप पेपरवर करा. त्यात चार गोष्टी हव्यातच: कोणत्या महिन्यांत उडवणार नाही, मुरूम टाकायला परवानगी आहे का, पिकाचं नुकसान झालं तर कुणी आणि किती दिवसांत द्यायचं, आणि करार मोडला तर शेड कुणाचं.

पंचायतीला आणि ठाण्याला माहितीचं पत्र द्या, पोच घ्या. आकाशातून काहीतरी फिरतंय अशी खबर गावातून गेली की ठाण्यात आपलं पत्र आधीच पडलेलं असावं.

सदस्यांची फाइल ठेवा: प्रत्येक विमानाचं वजन, नोंदणीचे कागद, तृतीय पक्ष विमा. वजन अंदाजाने लिहू नका, बॅटरी लावून काट्यावर ठेवा.

इशारा: चरनोई, म्हणजे गायरान जमीन 'रिकामीच तर पडलीय' म्हणून वापरू नका. ती गावाच्या गुरांची आहे. गुरं येणार, गुराखी येणार, आणि त्यांनी तसं येण्यात गैर काहीच नाही.

## टप्पा ३: आठवडाभर नुसतं उभं राहा

हा टप्पा सगळे गाळतात, कारण यात काही केल्यासारखं वाटत नाही. एक वही, होकायंत्र आणि रिबिन बांधलेल्या चार काठ्या घ्या. काठ्या चारही कोपऱ्यांत रोवा. निदान सात दिवस, सकाळी साडेसहा, नऊ आणि संध्याकाळी पाच, अशा तीन वेळा कुणीतरी जाऊन लिहायचं.

वारा: रिबिन कुठे उडते, सलग की झटक्याने. हिवाळ्यात सकाळी शांत असतं आणि नऊ-दहानंतर वारा उठतो. उन्हाळ्यात पश्चिमेचा जोर असतो. फुकटची एक मदत आहे: एअरपोर्टची धावपट्टी ०७/२५ अशी आहे, म्हणजे चुंबकीय उत्तरेपासून साधारण ७० आणि २५० अंश. धावपट्टीची दिशा ठरवताना वर्षाचा वारा बघतातच. आपल्या वहीतल्या नोंदी त्याच्या जवळपास येत असतील तर ती दिशा पक्की करा. झाडांच्या रांगेमुळे वारा वळत असेल तर आपली वही खरी माना.

सूर्य: सकाळ-संध्याकाळ त्याची दिशा होकायंत्राने लिहा. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. जूनची मध्यान्ह सोडली तर सूर्य दुपारी दक्षिणेलाच असतो. म्हणजे पायलटने पाठ दक्षिणेला करायची.

तारा: पंपांना जाणारी ११ केव्हीची लाइन उन्हात दिसत नाही. खांब मोजा, खांबाखांबावरून रेषा ओढा. उडण्याच्या पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला २०० मीटरच्या आत लाइन असेल तर जागा बदला. घासाघीस नको.

माणसं आणि जनावरं: मुलं शाळेत कुठून जातात, ट्रॅक्टर कुठून वळतो, मधमाश्यांचं पोळं कुठे आहे, घारी कुठे घिरट्या घालतात. जिथे मेलेली गुरं टाकतात तिथे घारी आणि कुत्री कायमची असतात. असा कोपरा वाऱ्याच्या दिशेला असेल तर त्रास दुहेरी.

तपासा: वहीत किमान २० नोंदी आहेत का? पाच-सहा नोंदींवर दिशा ठरवली की आमच्यासारखं होतं.

## टप्पा ४: फक्कीच्या रेषा

आता दोरी आणि फक्की. रोलर अजून नाही.

पट्टी साधारण पूर्व-पश्चिम, एअरपोर्टच्या धावपट्टीसारखी जराशी कललेली. सगळी माणसं तिच्या दक्षिणेला, तोंड उत्तरेला. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना अंतरं अशी:

पट्टीची दक्षिण कड. तिथून ८ मीटरवर पायलट उभे राहायची रेषा. तिच्यामागे १२ मीटरवर पिट, म्हणजे विमानं जुळवायची आणि सुरू करायची जागा. त्यामागे १५ मीटरवर बसायची जागा, आणि सगळ्यात मागे गाड्या. गाड्या शेवटी का, तर काचांना विमान लागलं की क्लबमधली मैत्री तुटते.

पायलटांची रेषा दोन्ही बाजूंना मनाने क्षितिजापर्यंत वाढवा. ही सुरक्षा रेषा. विमान हवेत असताना तिच्या दक्षिणेला कधीच येत नाही, ना वळताना, ना उतरताना, ना 'जरा जवळून दाखवतो' म्हणून. उभ्या जागा तीन ठेवा, एकमेकांपासून ४ मीटरवर. एका वेळी तीनच विमानं हवेत. नवीन मैदानावर दोनच.

पायलटांच्या पुढे एक मीटर उंच शेडनेट बांबूला ताणून बांधा. टेक-ऑफला भरकटलेलं विमान पायात येतं ते तिथे अडतं. पण जाळीत फट ठेवा, आत-बाहेर जायला एकच. दोन फटी ठेवल्या की लोक तिसरी करतात.

नेहमीची चूक: सावलीसाठी उभी जागा झाडाखाली घेणं. झाड पाठीशी असू द्या, डोक्यावर नको. उतरणारं विमान झाडाआड गेलं की त्या दोन सेकंदांत पायलट हमखास चुकीच्या बाजूला रिमोटची काठी ओढतो.

तपासा: फक्की टाकल्यावर एका सकाळी आणि एका संध्याकाळी तिन्ही जागी उभे राहा. पट्टीच्या दोन्ही टोकांकडे बघा. डोळे मिचकावे लागतात का? पूर्वेचं टोक सकाळी आणि पश्चिमेचं संध्याकाळी थोडं त्रास देणारच. समोरचा मधला भाग मात्र पूर्ण स्वच्छ हवा.

## टप्पा ५: पट्टी

आता बोलवा रोलरला. पण वाफसा आल्यावर. पाऊस संपून माती मुठीत धरली तर गोळा होते आणि टाकली तर फुटते, तेव्हा. ओल्या काळ्यात रोलर गेला तर तो माती दाबत नाही, मळतो. 'मालव माटी गहन गंभीर' ही इथली म्हण ऐकायला फार छान. चाकं रुतली की गांभीर्य कळतं.

लांबी ८० मीटर चालते, १०० असेल तर उत्तम. रुंदी १२. "माझं विमान तीस मीटरमध्ये उडतं" हे जानेवारीतलं बोलणं. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. मेमध्ये पारा ४० ला गेला की इथली हवा प्रमाण समुद्रसपाटीच्या हवेपेक्षा जवळजवळ १४ टक्के विरळ होते. पंख्याची ओढ कमी, पंखांची उचल कमी, आणि उतरण्याचा वेगही जास्त. हिवाळ्यात ऐसपैस वाटणारी पट्टी उन्हाळ्यात आखूड वाटते ती यामुळे.

क्रम असा:

१. दगड वेचा. दोन माणसं, दोन दिवस. कंटाळवाणं आहे, पण एक खडा एक पंखा फोडतो.

२. वखर मारून ढेकळं फोडा. नांगर नको. नांगराने खोलवरची माती उलटते आणि पहिल्याच पावसात जागोजागी बसते.

३. ट्रॅक्टरमागे फळी लावून सपाटी करा. मग पाण्याची लेव्हल पाइप घेऊन मध्यरेषा दोन्ही कडांपेक्षा १० सेंटिमीटर उंच करा. १२ मीटर रुंदीला इतका उतार डोळ्याला दिसत नाही, पाण्याला मात्र कळतो.

४. दोन्ही कडांपासून दीड मीटर सोडून चर काढा आणि त्याचं तोंड उताराकडे सोडा, शेजाऱ्याच्या शेताकडे नाही.

५. जमीन काळी असेल तर मुरूम. १०० बाय १२ मीटरवर दाबून १० सेंटिमीटरचा थर म्हणजे १२० घनमीटर. सुटा मुरूम दीडशे घनमीटर तरी लागतो. ट्रॅक्टर ट्रॉलीत तीन घनमीटर धरले तर पन्नास ट्रॉल्या. आकडा ऐकून घाम फुटला ना? म्हणून टप्पा २ मध्ये बरड शोधायला सांगितलं. तिथे पाच-सात ट्रॉल्यांत खड्डे भरून काम होतं.

६. हलकं पाणी शिंपडा, रात्रभर जाऊ द्या, सकाळी रोलर. कडेकडून मध्याकडे फिरवायचा. मध्यापासून सुरू केला तर तुमची उंच मध्यरेषा बाजूंना सरकते.

मुरूम परवडत नसेल तर पावसाळ्याच्या तोंडावर हरळी लावा आणि एक हंगाम थांबा. थांबायचं नसेल तर छोट्या, हाताने फेकायच्या विमानांसाठी जुने फ्लेक्स अंथरणारे लोक आहेत. कडा मातीत पुरल्या नाहीत तर वाऱ्याने फ्लेक्स उठतो आणि उतरणाऱ्या विमानाला कवेत घेतो. बघायला मजा येते, आपलं नसेल तर.

उघडी काळी पट्टी हिवाळ्यात फरशीसारखी असते आणि मार्चनंतर तिला भेगा पडतात. पुढचं चाक पाच सेंटिमीटरचं, भेग त्याहून रुंद. निष्कर्ष पहिल्याच लँडिंगला मिळतो.

इशारा: एप्रिल-मेमध्ये रोलर फिरवण्याआधी पट्टी पायी चालून बघा. टिटवी मुरमाच्या उघड्या जमिनीवरच अंडी घालते, बहुधा चार, आणि ती खड्यांत मिसळून जातात. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असेल तर अंडी जवळच आहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही महिनाभर पट्टीचा पश्चिमेकडचा पंचवीस मीटरचा भाग दोरी लावून सोडून दिला होता. लांबी कमी पडली, उतरायला सगळे शिकले.

विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, पट्टीच्या टोकाजवळ पण उतरण्याच्या रेषेबाहेर, चार-पाच मीटरच्या खांबावर. जुन्या छत्रीचं नायलॉन चांगलं चालतं. तोंडाला ३० सेंटिमीटरची तारेची कडी, लांबी सव्वा मीटर. झाडाच्या आडोशाला लावलेला विंडसॉक खोटं बोलतो.

## टप्पा ६: पिट, चार्जिंग, आग

सोयी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पत्र्याचं शेड येतं. शेड नंतर होईल. चार बांबू आणि हिरवी नेट यात पहिलं वर्ष निघतं. पण दोन गोष्टी पहिल्या दिवशी हव्यात: आडोशाचं स्वच्छतागृह (नाहीतर बायका आणि मुली एकदा येतात, पुन्हा येत नाहीत) आणि पिण्याचं पाणी.

पिटमध्ये कमरेएवढी टेबलं करा, विमानाला मागून अडकवायला दोन खुंट्या असलेली. इंजिन असो की मोटर, विमान बांधल्याशिवाय सुरू करायचं नाही. बॅटरीची पिन याच टेबलावर जोडायची, गाडीच्या डिकीत नाही. पंखा ज्या पातळीत फिरतो त्या रेषेत, बाजूला, कुणी उभं राहायचं नाही. पंख्याचं पातं तुटलं तर ते त्याच रेषेत जातं.

चार्जिंगची जागा पिटपासून वेगळी, सावलीत, पायाखाली माती किंवा फरशी, लाकडी टेबल नको. तीन सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) १सी ने, म्हणजे २.२ अँपिअरवर चार्ज करायची. एका चार्जला तोटा धरून साधारण ३० वॅट-तास जातात. गाडीच्या ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सातशेच्या आसपास वॅट-तास असतात आणि त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे दहा-बारा चार्ज. चौदावा चार्ज लावणाऱ्याला गाडी ढकलायला आम्ही मदत करतो, पण बोलून.

घरी ठेवताना प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर. मेच्या उन्हात बंद गाडीत लिपो ठेवू नका. फुगलेली बॅटरी "अजून एक उड्डाण" करत नाही. ती गाडीच्या १२ व्होल्टच्या बल्बला जोडून उघड्यावर रिकामी करा.

इशारा: ग्लो इंजिनाच्या इंधनात मिथेनॉल असतं. मिथेनॉलची ज्योत दिवसा दिसत नाही. 'आग नाहीये' असं वाटतं आणि हात भाजतो. विमानावरची हवा थरथरताना दिसली, रंग फोड येऊन वर आला, तर आग आहे असं समजा. मिथेनॉलवर भरपूर पाणी चालतं. लिपोवर वाळूची बादली घाला आणि लांब व्हा, धूर नाकात जाऊ देऊ नका. पिटमध्ये पावडरचा अग्निशामक, दोन बादल्या वाळू, एक पिंप पाणी आणि भिजवलेली दोन पोती. पोती सकाळी आल्यावर भिजवायची, आग लागल्यावर नाही.

## टप्पा ७: उडवण्याचा दिवस

पोहे-जिलबी आधी की उड्डाण आधी, हा इंदुरात वादाचा विषय होऊ शकतो, पण मैदानावर नाही. वारा नऊला उठतो. उड्डाण आधी. आणि पोह्यांचे कागद पिशवीत परत न्या, कारण उरलेल्या शेवेवर कुत्री येतात आणि कुत्री पट्टीवर झोपतात.

पहिल्या उड्डाणाआधी, याच क्रमाने:

१. पट्टी चालून या. खडे, दोरा, जनावर. संक्रांतीच्या आगेमागे मांजा हमखास सापडतो. तो चाकाच्या आसात गुंडाळला जातो.

२. रिमोट आधी चालू, विमान नंतर. बंद करताना उलट.

३. समतोल बिंदू. ट्रेनरला पंखाच्या रुंदीच्या पुढून २५ ते ३३ टक्क्यांवर. बॅटरी बदलली असेल तर पुन्हा बघा.

४. दिशा. सगळ्यात जास्त विमानं इथे जातात, आणि अनुभवी लोकांची जातात. अंगठा उभा करून रिमोटच्या उजव्या काठीवर ठेवा. काठी ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला अंगठा कलतो, आणि त्याच बाजूचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) वर यायला हवा. उजवीकडे ढकललं, उजवा वर. हे विमानाच्या मागे उभं राहून बघा. पुढून बघितलं की डावं-उजवं उलटतं आणि मेंदू 'बरोबर आहे' म्हणतो.

५. रेंज चाचणी. रिमोट कमी शक्तीच्या मोडवर ठेवून ३० पावलं लांब जा, कुणालातरी विमान धरायला सांगा, सगळे भाग हलवा.

६. फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबवणारी सोय. विमान बांधलेलं, थ्रॉटल थोडं वर, आणि रिमोट बंद करा. मोटर थांबलीच पाहिजे. थांबली नाही तर आज उड्डाण नाही. घरी ही चाचणी करताना पंखा काढून ठेवा.

हाका मोठ्याने द्यायच्या आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं: "टेक-ऑफ!", "लँडिंग!", "माणूस पट्टीवर!" आणि "डेड स्टिक!" म्हणजे मोटर बंद पडली. डेड स्टिकला सगळ्यांनी वाट द्यायची, मग उतरणाऱ्याला, मग उडणाऱ्याला. पट्टीवर विमान आणायला जाताना आधी विचारायचं, उत्तर येईपर्यंत फटीतून पाय बाहेर नाही. आमच्याकडे नवीन मुलं लाजून हळू हाक देतात. त्यांना मी एकच सांगतो, "दादा, सराफ्याच्या खाऊगल्लीत ऑर्डर देतोस तसा ओरड."

नवशिक्याजवळ एक जाणता उभा राहतो. तो आकाश बघतो, रिमोट नाही. घार जवळ आली, दुसरं विमान आलं, हे त्याने बोलायचं.

## टप्पा ८: विमान शेतात पडलं

पडणारच. मैदानाचं भवितव्य पट्टीपेक्षा यावर जास्त ठरतं.

पडल्या क्षणी जागेवरून हलू नका. विमान जिथे दिसेनासं झालं ती दिशा क्षितिजावरच्या एका खुणेला जोडा: खांब, झाड, विहिरीचं चाक. दुसऱ्या माणसाने दुसऱ्या जागेवरून तसंच करायचं. दोन रेषा जिथे मिळतात तिथे विमान. सगळे एकदम धावले तर रेषा हरवतात आणि अर्धा तास पीक तुडवलं जातं.

शेतात एकच माणूस, ओळींमधून, गमबूट घालून, हातात काठी. सोयाबीनच्या दाटीत घोणस असते. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष मिळतं हे हंगामाच्या सुरुवातीलाच विचारून पिटमधल्या फळीवर लिहून ठेवा. तारेवर अडकलेल्या विमानाला बांबू लावायचा नाही, लाइनमनला फोन करायचा.

लिपो सापडल्यावर पिन काढा, विमानापासून दूर उघड्या मातीवर ठेवा आणि अर्धा तास नजर ठेवा. मार खाल्लेली लिपो लगेच पेटतेच असं नाही, वीस मिनिटांनीही पेटते. ती परस्पर गाडीत टाकून घरी नेणं ही सगळ्यात महागडी चूक.

आणि मार्च. गहू पिवळा पडून काढणीला आला की पट्टीसमोरच्या शेतावर लिपोचं एक विमान म्हणजे काडेपेटी. गहू उभा असेपर्यंत आणि नंतर नरवाई, म्हणजे कापणीनंतरची खुंटं, पडून असेपर्यंत आम्ही त्या बाजूला उडवणं बंद ठेवतो. करारातच ते महिने लिहिले आहेत. सदस्य कुरकुरतात. मी त्यांना पटेलांचं शेत दाखवतो आणि विचारतो, एकराला किती क्विंटल निघतो माहीत आहे का?

नुकसान झालं तर त्याच दिवशी मालकाकडे जा, विमान हातात घेऊन. मोजायला पटेलांना बरोबर न्या. पैसे संध्याकाळपर्यंत द्या आणि वहीत लिहा: तारीख, कोणाचं शेत, कुठलं पीक, किती ओळी, किती रुपये, का पडलं. आमच्या वहीत 'का पडलं' या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा 'एलेरॉन उलटा' लिहिलं आहे, आणि त्यात दोन वेळा अक्षर माझं आहे.